'ठीक आहे' या उत्तराचं काय करायचं?

गेल्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीला ज्ञान म्हणायचं का, आणि म्हणायचं तर कोणाच्या सांगण्याला, असा तो प्रश्न होता. शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली की, हे सगळं नैयायिकांपुरतं ठीक, रोजच्या जगण्यात त्याचा उपयोग काय? आज त्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं आहे, आणि त्यासाठी आपण सरकारी कचेरीत जाणार आहोत. सरकार आपल्या सेवांबद्दल लोकांना विचारतं, तेव्हा त्याच्या हाती नेमकं काय लागतं?

विचारण्याच्या तऱ्हा पुष्कळ. एसटी स्थानकावरचं तक्रार पुस्तक आपल्या परिचयाचं आहे. कचेरीच्या भिंतीवर सूचना पेटी असते. तिचं कुलूप बहुधा गंजलेलं असतं आणि किल्ली कोणाकडे हे विचारलं तर तीन टेबलं फिरावी लागतात. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की 'हरकती व सूचना' मागवतात. ती तरतूद १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातच आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. राज्याचं 'आपले सरकार' पोर्टल आहे, केंद्राचं वेगळं आहे. आणि अलीकडे काम झाल्यावर फोन येतो: समाधानी असाल तर एक दाबा.

या सगळ्याला आपण सरसकट 'अभिप्राय' म्हणतो, पण ही एकाच जातीची माणसं नाहीत हो. तक्रार करणारा स्वतःहून येतो, त्याला काहीतरी टोचलेलं असतं. हरकत घेणारा अजून न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतो. तिसरा, फोनवर एक दाबणारा, त्याला विचारलं म्हणून बोलतो. हा तिसरा खात्यांना फार आवडतो, कारण त्याच्यापासून टक्केवारी निघते. इतके टक्के नागरिक समाधानी. आज आपण या टक्केवारीकडे जरा संशयाने बघू.

साल १९४४. बंगालचा भीषण दुष्काळ होऊन गेल्याला जेमतेम वर्ष झालेलं. कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या अखिल भारतीय संस्थेने जवळच्या सिंगूर भागात एक पाहणी केली. लोकांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आम्ही आजारी आहोत किंवा आमची प्रकृती यथातथाच आहे. विधवांपैकी तसं म्हणणाऱ्या किती? २.५ टक्के. आणि 'यथातथा' एवढंच उत्तर वेगळं काढलं, तर पुरुष ४५.६ टक्के आणि विधवा एकही नाही. अमर्त्य सेन यांनी १९८५च्या 'कमॉडिटीज अँड केपेबिलिटीज' या छोट्या पुस्तकात हे आकडे दिले आणि तिथून ते तत्त्वज्ञानाच्या वर्गांत आले. आम्ही ते वर्षानुवर्षं शिकवले, आणि प्रत्येक वर्षी वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिल्यावर क्षणभर कोणी बोलत नसे.

आता, त्या काळच्या बंगाली विधवेचं जिणं काय होतं हे वेगळं सांगायला नको. जेवणावर बंधनं, उपास, घरात सगळ्यांच्या मागून ताट. ती ठणठणीत होती असं कोणी म्हणणार नाही. मग ती खोटं बोलत होती का? तसंही नाही. आपल्या घरातल्या जुन्या आज्या आठवा. गुडघे धरलेत, डोळ्यांना दिसत नाही, आणि 'कशी आहेस?' म्हटलं तर उत्तर काय? 'चाललंय. बरं आहे.' आपल्याला कुरकुर करण्याजोगी प्रकृती असते, तिच्याबद्दल कोणी विचारतं आणि ऐकून काही करतं, हेच जिला ठाऊक नाही, तिच्या दृष्टीने ते उत्तर प्रामाणिक आहे.

पण सिंगूरमध्ये हसऱ्या चेहऱ्याचं यंत्र ठेवलं असतं तर? ९७.५ टक्के समाधानी! आरोग्य खात्याने अहवालात लिहिलं असतं की विधवांच्या बाबतीत आमची कामगिरी सर्वोत्तम आहे, विधुरांकडे मात्र लक्ष पुरवायला हवं.

सेन यांचंच दुसरं उदाहरण केरळ आणि बिहारचं. केरळातली माणसं बिहारपेक्षा पुष्कळ जास्त जगतात, तरी विचारलं तर 'आजारी आहोत' असं सांगणारे केरळातच जास्त निघतात. शाळा, दवाखाने, वाचनालयं यांनी माणसाला आपल्या दुखण्याचं नाव कळतं आणि ते सांगायची सवय लागते. म्हणजे बघा, एखाद्या तालुक्यातल्या तक्रारी वाढल्या तर तिथलं काम बिघडलं असेल किंवा तिथे लोकांना प्रथमच वाटलं असेल की बोलून उपयोग आहे. नुसत्या आकड्यावरून यांतलं काय खरं ते सांगता येत नाही. वरिष्ठांकडून मात्र सरसकट विचारणा होते की तुमच्याकडे तक्रारी का वाढल्या? मग हुशार अधिकारी तक्रारी कमी करतो. सेवा सुधारून की नोंदवही कपाटात ठेवून, ते आपण विचारायचं नाही.

इथे गेल्या वेळचे नैयायिक उपयोगी पडतात. न्यायसूत्रात शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश, असं म्हटलंय. आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायन सांगतात की ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे, तो. पुढचं वाक्य आम्हाला फार आवडतं. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं ते म्हणतात. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस म्हणतोय, बरं का! आप्तपण जातीवर किंवा विद्वत्तेवर अवलंबून नाही. जिच्या दारात नर्सबाई आल्या किंवा आल्या नाहीत, ती बाई त्या बाबतीत आप्त. आरोग्य संचालक त्या बाबतीत आप्त नाहीत, कारण ते तिथे नव्हते.

पण तिला तुम्ही 'समाधानी आहात का?' असं विचारलंत की ती आप्त राहत नाही. समाधान म्हणजे काय, कशाच्या तुलनेत, हे तिला कुठून माहीत? 'नर्सबाई गेल्या महिन्यात किती वेळा आल्या?' असं विचारा. याला तिच्याकडे पक्कं उत्तर आहे.

बंगळूरचं नागरिकांचं प्रगतिपुस्तक याच वाटेने गेलं. १९९३-९४ मध्ये सॅम्युएल पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या घरोघरी पाहणी केली. पॉल पूर्वी अहमदाबादच्या आयआयएमचे संचालक होते. पाणी, वीज, टेलिफोन, पालिका, रुग्णालयं, विकास प्राधिकरण, एकेक संस्था घेतली. समाधानाबद्दलही विचारलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. काम व्हायला किती खेपा घातल्या? कोणी पैसे मागितले का? अडचण सुटली का? झोपडवस्तीतल्या लोकांना वेगळं विचारलं. मग सगळ्या संस्थांचे गुण शेजारीशेजारी मांडून वर्तमानपत्रांना दिले. आपल्या पोराला गणितात पस्तीस पडले हे एरवी फारसं टोचत नाही, शेजारच्याला सत्तर पडले की टोचतं. पहिल्या वेळी निकाल सगळ्यांचाच वाईट होता. १९९९ आणि २००३ मध्ये तीच पाहणी पुन्हा केली, आणि २००३ पर्यंत बऱ्याच संस्था सुधारलेल्या दिसल्या. त्याचं सगळं श्रेय प्रगतिपुस्तकाला देता येणार नाही. मधल्या काळात राज्य सरकारने शहरासाठी एक कृतिदल नेमलं होतं, इतरही कारणं होती. पण पुन्हा मोजणार आहेत हे माहीत असलं की माणूस जरा सावरून बसतो.

राजस्थानात याच सुमाराला याच्या उलट्या टोकाने सुरुवात झाली. २ डिसेंबर १९९४, पाली जिल्ह्यातलं कोट किराना गाव. मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. तिथे लोकांना मत विचारलंच नाही. सरकारी कागद वाचून दाखवले: अमक्या कामावर अमका माणूस इतके दिवस, त्याला इतके पैसे दिले. आणि विचारलं, हे खरं का? त्या हजेरीपटाबद्दल गावापेक्षा मोठा आप्त कोण असणार? पुढे माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला इथूनच बळ मिळालं, आणि रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यात, सतराव्या कलमात, ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करायची तरतूद आली.

हे दोन्ही प्रयत्न सरकारच्या बाहेरून झालेले. सरकारने स्वतः असं विचारल्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे आणि आपल्यापैकी अनेकांना ते माहीत नसतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले पाच जिल्हे होते अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. राज्य पातळीवरचं समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं. गावात समिती बसायची. पाड्यावरच्या बायका, आशाताई, सरपंच, कोणी शिक्षक. प्रश्न अगदी साधे: उपकेंद्र उघडं असतं का? प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळालं की बाहेरची चिठ्ठी लिहून दिली? बाळंतपणाला पैसे मागितले का? उत्तरांवरून गावाचं कार्ड रंगवायचं. बरं असेल तिथे हिरवं, मध्यम तिथे पिवळं, वाईट तिथे लाल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही लाल रंग कळतो. मग ती कार्डं घेऊन जनसुनवाई. समोर डॉक्टर, तालुक्याचे अधिकारी, आणि लोक उभे राहून सांगताहेत.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वात्स्यायनांच्या आप्ताला सांगायची इच्छा असावी लागते. आणि एकट्या बाईला ती कशी असेल? पुढचं बाळंतपण त्याच केंद्रात व्हायचंय, त्याच नर्सबाईंच्या हातून. घरी जाऊन वहीवाल्याने विचारलं तर ती म्हणणार, 'ठीक आहे.' सिंगूरच्या विधवेला दुखणं सांगण्याजोगं वाटलं नसेल. हिला वाटतंय, पण सांगणं परवडत नाही. शब्द दोघींचे सारखेच ऐकू येतात. चाळीस जणी मिळून कार्ड लाल रंगवतात तेव्हा मात्र लाल कोणी म्हटलं हे शोधता येत नाही.

डॉक्टरांना हे आवडत नसे, आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय असं त्यांना वाटे. त्यांची बाजूही ऐकायला हवी. औषधं जिल्ह्याहूनच आलेली नाहीत आणि शिव्या मात्र यांना! पण तेही तिथेच सांगता येतं, आणि ते सांगणारा डॉक्टर पुरवठ्याच्या बाबतीत स्वतः आप्त ठरतो. भर सभेत सगळ्यांसमोर सांगितलेली टंचाई वरच्या साहेबाला फाइलीत पुरून टाकता येत नाही.

आता उत्तराकडे येऊ. सरकारी मराठीत तक्रार 'निकाली काढतात'. काढणारा कोण? बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तेच कार्यालय. आम्ही एकदा गल्लीतल्या बंद दिव्याची तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आम्ही काठी टेकत खाली जाऊन बघितलं, अंधार होता. पुन्हा तक्रार केली तर म्हणे नवीन क्रमांक घ्या. म्हणजे खात्याच्या हिशेबात दोन तक्रारी आल्या, दोन निवारल्या. शंभर टक्के! दिवा पुढे लागला, तो कोणाच्या तरी घरी लग्न होतं म्हणून.

यावर थोडी तजवीज झाली आहे. २०२२ पासून केंद्राच्या तक्रार निवारण यंत्रणेत तक्रार बंद झाल्यावर तक्रारदाराला फोन करून विचारतात आणि असमाधान असेल तर अपील करता येतं. आपल्याकडे २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं, नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. दंडाची रक्कम हसण्याजोगी आहे खरी. पण या कायद्यात समाधानाचा शब्द मधे येत नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. विधवेलाही पंधरा आणि वकिलालाही पंधरा. म्हणून आम्हाला तो फोनच्या त्या एक-दोन आकड्यांपेक्षा भरवशाचा वाटतो. मात्र अपील करायला कागद लिहावा लागतो, खेप घालावी लागते, आणि तिथे पुन्हा वकिलाचंच साधतं.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी आपण साक्षीबद्दल बोलणार आहोत, त्याचा एक धागा आत्ताच देऊन ठेवतो. १८८२ मध्ये हंटर यांच्या शिक्षण आयोगाने देशभर लोकांच्या साक्षी मागवल्या. सरकारी शिक्षणाबद्दलचा अभिप्रायच तो. पुण्यातून पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबरला आपलं निवेदन दिलं. शाळा स्वतः काढलेला माणूस, त्यामुळे बोलणं सगळं प्रत्यक्षावर उभं: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यातली मागणी. आयोगाने ते निवेदन दप्तरात नोंदवून घेतलं. देशातल्या सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. मधल्या काळात त्या निवेदनाचं काय काय झालं, ते पुढच्या वेळी. आता प्रश्न घेऊ या. मागे कोणीतरी हात वर केलाय.