‘टायटॅनिक’ : उलटी अक्षरं, सुलटं जहाज

● अवशेष : १९९५ मध्ये चित्रपटासाठी दिग्दर्शक जेम्स कॅमेरून रशियन ‘मीर’ पाणबुड्यांतून १२ वेळा समुद्रतळाशी उतरले.

● जहाज : मेक्सिकोत रोसारितोच्या किनाऱ्यावर सुमारे ७७५ फुटी प्रतिकृती उभारली, पण उजवीच बाजू.

● आरसा : साउदॅम्प्टनच्या धक्क्याला खऱ्या जहाजाची डावी बाजू होती. म्हणून पाट्या आणि टोप्यांवरची अक्षरं उलटी लिहून चित्रण केलं, मग दृश्य आरशासारखं फिरवलं.

● रेखाटन : नायिका रोझचं चित्र काढणारे हात डावखुऱ्या कॅमेरून यांचे. नायक जॅक उजव्या हाताचा, म्हणून ते दृश्यही फिरवलं.

● गारठा : थंडी दाखवायला केसांवर मेण, तोंडची वाफ संगणकाची.

● हिशेब : खर्च सुमारे २० कोटी डॉलर, ऑस्कर ११.