विश्लेषण : शिळफाट्यावरून ‘अरोरा’ टिपता येईल का?

मे २०२४ मधील तीव्र सौरवादळात लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा लालसर प्रकाश टिपला. खोपोलीजवळच्या शिळफाट्यावरून असे काही दिसेल का?

अरोरा येथे का दिसत नाही?

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात. तेथे ते ऑक्सिजन, नायट्रोजनवर आदळले की हिरवा, लाल प्रकाश दिसतो. शिळफाटा विषुववृत्तापासून जेमतेम १९ अंशांवर आहे. त्यामुळे येथे अरोरा दिसणे जवळपास अशक्य. अपवाद ४ फेब्रुवारी १८७२ चा. त्या रात्री मुंबईतूनही अरोरा दिसल्याची नोंद आहे. पण तेव्हा शहरात विजेचे दिवे नव्हते. आज तेवढेच वादळ आले, तरी तो फिका प्रकाश झगमगाटात हरवण्याची शक्यता अधिक.

मग काय टिपावे?

आकाशगंगेचा मध्यभाग. धनू राशीच्या दिशेचा हा तेजस्वी पट्टा लंडनमधून क्षितिजाच्या जेमतेम १० अंश वर येतो, तर शिळफाट्यावरून दक्षिणेला सुमारे ४२ अंश. मुंबईचा उजेड वायव्येला, म्हणजे पाठीमागे राहतो. मार्चमध्ये पहाटे आणि मे महिन्यात मध्यरात्रीनंतर, अमावास्येच्या आसपासच्या रात्री सर्वात चांगल्या. पावसाळ्यात ढगांमुळे संधी क्वचितच मिळते.

मोबाइल पुरेसा आहे का?

‘प्रो मोड’ असल्यास हो. मोबाइल ट्रायपॉडवर बसवा. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ ते २० सेकंद आणि फोकस अनंतावर ठेवा. ३ सेकंदांचा टायमर लावल्यास फोन हलत नाही. शटर २० सेकंदांहून जास्त ठेवल्यास तारे रेषांसारखे उमटतात. प्रत्यक्ष फाट्यावर मात्र वाहनांच्या हेडलाइटमुळे फोटो पांढरा पडतो. त्यामुळे आतल्या गावांकडे जावे. शेतात मालकाची, वनक्षेत्रात वन विभागाची परवानगी घ्यावी.

अंधार वाचवता येतो का?

येतो. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील पथदिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. कर्जत-खालापुरातील फार्महाऊस आणि रिसॉर्टनाही हे जमण्यासारखे आहे. दिव्याला वरून झाकण बसवले, तर रस्ता उजळतो आणि डोक्यावरचे तारेही टिकतात.