स्वस्त हवाना आणि थांबण्याची ऐपत

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी मोटारींचे कारखाने उभे राहिल्यापासून तेथील अभियंत्यांचे आणि अधिकाऱ्यांचे परदेशगमन नित्याचे झाले, आणि परतताना विमानतळावरील करमुक्त दुकानातून आणावयाच्या भेटवस्तूंत क्यूबाच्या चिरुटांचा डबा ही एक रूढ वस्तू होऊन बसली. २०१६ च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला २५ चिरुटांपर्यंत जकातीची सूट दिली होती, त्यामुळे एवढा डबा आणण्यास अडचण उरली नाही. अडचण होती ती किमतीची. कोहिबा आणि त्रिनिदाद या मातब्बर नावांचे दर २०२२ साली हवानाच्या विक्रीसंस्थेने जगभर एका पातळीवर, म्हणजे हाँगकाँगच्या चढ्या पातळीवर, नेऊन ठेवले, तेव्हापासून सामान्य पगारदाराची दृष्टी साहजिकच होसे एल. पिएद्रा, किंतेरो किंवा ग्वांतानामेरा अशा त्याच बेटावरच्या स्वस्त नावांकडे वळू लागली. हा स्वस्त माल ओढण्याजोगा आहे काय, आणि कपाटात पाचदहा वर्षे मुरवला असता तो भारी मालाच्या पंक्तीस बसेल काय, असे दोन प्रश्न त्यातून निघतात.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे मी कर्तव्य समजतो. चिरुटाचा धूर छातीत ओढावयाचा नसतो, मुखात घोळवून सोडावयाचा असतो, एवढ्या आधारावर त्याला निरुपद्रवी मानणारे पुष्कळ भेटतात. परंतु मुख, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे, आणि एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. मुरल्याने चव बदलते. अपाय टळत नाही.

उत्तम क्यूबन चिरुटाची तंबाखू बेटाच्या पश्चिम टोकाकडील पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो या टापूत होते. एकाच झाडाची पाने तेथे उंचीप्रमाणे निरनिराळी मानतात: तळाचे पान चांगले जळते म्हणून, मधले सुगंधासाठी, आणि शेंड्याकडचे, ज्याने सर्वांत अधिक ऊन खाल्लेले असते, ते तिखटपणासाठी. या तिन्ही पानांचे प्रमाण हीच प्रत्येक नावाची खासियत. खुडलेली पाने प्रथम लाकडी कोठारांत टांगून वाळवितात, मग त्यांच्या मोठाल्या राशी रचून ती आंबू देतात. राशीच्या पोटातील उष्णता हाताला चटका बसावा इतकी वाढू लागली की रास मोडून, आतले पान बाहेर व बाहेरचे आत करून, पुन्हा रचावी लागते. या क्रियेत पानांतील अमोनिया उडून जातो आणि उग्रपणा ओसरतो. शेंड्याचे पान त्यानंतरही किमान दोन वर्षे गठ्ठ्यांत पडून राहते, तेव्हा कोठे ते वळणाऱ्याच्या हाती पोचते. तो कारागीर अख्खी पाने पंख्यासारखी चुणून अशी जुळवितो की टोकापासून टोकापर्यंत धुराला वाट राहावी. वर बांधणीचे पान, आणि सर्वांत वर कापडी मांडवाच्या सावलीत वाढविलेले तलम आवरणाचे पान.

स्वस्त मालाचे निराळेपण नेमके येथे आहे. पिएद्राची तंबाखू वुएल्ता आबाहोची नसून बेटाच्या मध्यावरील रेमेदिओस भागाची असते; हा चिरूट वळला जातो हातानेच, परंतु त्याच्या पोटात अख्ख्या पानांऐवजी तुकडे असतात. किंतेरोचे घराणे १९२४ च्या सुमारास सिएनफुएगोस बंदरात निघालेले, तेही आज तुकड्यांवरच चालते. ग्वांतानामेरा तर यंत्रावर होतो. तुकड्यांचा चिरूट भराभर आणि तापून जळतो, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात कडवट होतो, आणि कण जिभेवर येतात. तरीही रेमेदिओसच्या पानाचा मातकट, किंचित दालचिनीकडे झुकणारा स्वाद त्यात प्रामाणिकपणे असतो, आणि ज्याला क्यूबाच्या मातीची ओळख अल्प खर्चात करून घ्यावयाची आहे त्याने पिएद्रा घेतला तर त्याची फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. यंत्राच्या मालाविषयी मात्र एवढेही म्हणवत नाही.

आता मुरविण्याचा प्रश्न. वळलेल्या चिरुटातही मंद आंबणे चालू राहते, उरलासुरला अमोनिया निघून जातो, निरनिराळ्या पानांतील तेले एकमेकांत मिसळतात. हे सारे घडावयास पानात मुळात पुरेशी तेले आणि तिखटपणा हवा, आणि तोच स्वस्त मालात बेताचा असतो. चाकणच्या बाजारसमितीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गरवी कांदा हवेशीर चाळीत चारसहा महिने टिकतो, हळवी कांदा त्याच चाळीत, त्याच वाऱ्यात ठेवला तरी महिन्यादीडमहिन्यात कोंब काढतो किंवा सडतो, कारण टिकणे हा वाणाचा गुण आहे, चाळीचा नव्हे. चाकणहून चार कोसांच्या आत, राजगुरुनगरला, कांदा व लसूण संशोधनाची जी केंद्रीय संस्था आहे, तिच्या कार्याचा मोठा भाग याच टिकाऊपणाच्या शोधात खर्च होतो. तुकड्यांच्या चिरुटाला वर्षदीडवर्षाचा विसावा मानवतो, नव्या मालाची झणझण तेवढ्यात जाते. पुढे त्याची चव वाढत नाही, विरत जाते. दहा वर्षांनी हाती उरतो तो सुवासहीन पाला.

शिवाय चाकणची हवा. चिरुटाला शेकडा ६५ ते ७० आर्द्रता आणि अठरा ते एकवीस अंशांचे उष्णमान लागते. येथे श्रावणात भिंतींना ओल सुटते आणि चैत्र-वैशाखात लाकूड तडकते, तेव्हा नुसत्या कपाटात ठेवलेला डबा प्रथम बुरसतो आणि नंतर कोळपतो. उष्णमान चोवीस-पंचवीस अंशांवर गेले की पानातील सुप्त अंड्यांतून तंबाखूचा भुंगा बाहेर पडतो. हाच तांबूस, मोहरीएवढा किडा आपल्या हळदीच्या आणि धन्याच्या डब्यातही सापडतो. चिरूट ज्या सुगंधी लाकडाच्या पेटीत ठेवतात ते लाकूड कडुनिंबाच्या कुळातील आहे, आणि त्याचा आपल्याकडचा निकटचा भाऊबंद म्हणजे सह्याद्रीच्या रानातील तून. पण पेटी, ओलावा राखणारे साधन आणि थंडावा यांचा खर्च बेरजेस धरला म्हणजे स्वस्त माल स्वस्त राहत नाही. म्हणून माझे मत असे की स्वस्त हवाना दीर्घकाळ साठवू नये.

या साऱ्यातून जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चवीची नाही. चिरुटाचे खरे मुरणे वळण्यापूर्वी राशीत आणि गठ्ठ्यांत होऊन गेलेले असते. त्या दोनतीन वर्षांत माल पडून असतो, पैसा अडकलेला असतो, आणि तो भार कोणी तरी वाहत असतो. क्यूबात तो भार सरकार वाहते: शेतकऱ्याने आपल्या पिकाचा फार मोठा हिस्सा सरकारी खात्याला, सरकारने ठरविलेल्या भावाने द्यावयाचा, आणि त्यानंतर वाढलेल्या मोलाशी त्याचा संबंध संपावयाचा. थांबण्याची ऐपत ज्याच्यापाशी, मुरण्याचा लाभ त्याचा. आपल्याकडेही तंबाखूची कहाणी याहून निराळी नाही.

तंबाखू दख्खनेत पोर्तुगिजांच्या मार्फत आली, आणि १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तेव्हा ती त्याने बादशहाला नजर केली. त्या आदिलशाही मुलखातच, आजच्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी आहे. येथील तंबाखू विडीची. झाड कापून शेतातच उन्हात वाळवितात, उलटवितात, मग पानांचा जर्दा करून बोद भरतात, आणि ते व्यापाऱ्याच्या वखारीत जातात. वखारीत स्त्रिया दिवसभर तो चाळतात. काडी निराळी, जर्दा निराळा, आणि हवेत अशी धूळ की पदराने तोंड बांधूनही खोकला सुटत नाही. व्यापारी मूठभर जर्दा तळव्यावर चोळून हुंगतो आणि भाव सांगतो. माल घेऊन जावयाचा आणि पैसे महिनोन्महिने हप्त्यांनी द्यावयाचे, ही तेथील जुनी वहिवाट. त्यात १९४३ पासून तंबाखूवर अबकारी कर बसला, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या ढिगाचीही नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली. कच्च्या तंबाखूवरचा तो कर १९७९ मध्ये उठला. भाव मात्र पूर्वीप्रमाणे वखारीतच ठरत राहिला, कारण घरी ठेवून थांबावे अशी शेतकऱ्याची स्थिती नव्हती: सोसायटीचे कर्ज फेडावयाचे, पुढच्या पेरणीस बी घ्यावयाचे, आणि माल ओला झाला तर तोही जावयाचा.

या कहाणीचा धागा चाकणशी जुळतो तो शरद जोशी यांच्यामुळे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथल्या जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते स्वदेशी आले आणि १९७७ च्या आरंभी चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. १९७८ मध्ये आणि पुन्हा १९८० मध्ये चाकणच्या कांद्याच्या भावासाठी त्यांनी जे आंदोलन उभे केले त्यात शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक हमरस्ता अडविला. मागणी साधी होती, उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव. तीच मागणी घेऊन १९८१ च्या मार्चमध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. शेतकऱ्यांबरोबर वखारीतल्या कामगार स्त्रियाही आल्या, हे त्या आंदोलनाचे विशेष. ज्यांची मजुरी आणि ज्यांचा भाव एकाच वखारीत कापला जात होता त्यांनी एकत्र यावे यात विवेक होता. तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्ता बंद राहिला. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले.

तंबाखूचे पीक वाढावे असे मी मुळीच म्हणणार नाही. निपाणीच्या काळ्या जमिनीत तिच्या जागी दुसरी पिके यावीत, आणि येताहेत, याचा मला संतोष आहे. पण कोणत्याही पिकाच्या शेतकऱ्याला काही महिने थांबता आले पाहिजे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालविली आहे: सोयाबीन, तूर, हळद, बेदाणा असा माल बाजारसमितीच्या गोदामात ठेवावयाचा, त्यावर शेकडा सहा व्याजाने उचल घ्यावयाची, आणि भाव सुधारला की विकावयाचा. चाकणच्या गरवी कांद्यालाही, चाळीतल्या घटीचा हिशेब आगाऊ मांडून, अशीच उचल बाजारसमितीच्या दारी सुगीतच मिळाली पाहिजे.