फॉरमॅट मारण्याआधी

घरचा संगणक हळू झाला की गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचं निदान ठरलेलं असतं : "फॉरमॅट मारावा लागेल." मग मशीन दोन दिवस दुकानात, घरी फोटोंची हलवाहलव, प्रिंटर पुन्हा बसवणं, पासवर्डांची शोधाशोध. परत आलेला संगणक काही महिने पळतो आणि पुढे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारण तीच सॉफ्टवेअर आपण पुन्हा टाकतो आणि संगणक सुरू होताच ती सगळी पुन्हा आपोआप चालू व्हायला लागतात.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला, तेव्हापासून दुकानदारांना "आता नवाच घ्या" म्हणायला आणखी एक निमित्त मिळालं आहे. आधार संपल्यामुळे सुरक्षेचा प्रश्न येतो आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. पण आधार संपला म्हणून कुठलाही संगणक हळू होत नाही. ते दुखणं वेगळं.

आधी आपल्याकडचे दोन विधी निकालात काढू. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-दहा वेळा 'रिफ्रेश' मारायचं, ही सवय कित्येकांच्या बोटांत मुरलेली आहे. त्याने पडद्यावरची चिन्हं नव्याने काढली जातात, एवढंच. मेमरी मोकळी होत नाही. दुसरा विधी, 'रन'च्या चौकटीत 'प्रीफेच' लिहून समोर येईल ते सगळं उडवायचं. प्रीफेच ही विंडोज एक्सपीपासूनची सोय आहे. एखादा प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फायली लागतात याची नोंद विंडोज तिथे ठेवते, पुढच्या खेपेला तो लवकर उघडावा म्हणून. ती नोंद पुसली की पुढच्या खेपेला उलट उशीरच. 'टेम्प' या फोल्डरमधल्या तात्पुरत्या फायली खुशाल उडवा, जागा होईल. वेगाची हमी मात्र नाही.

खरी गर्दी असते ती पडद्यावर न दिसणारी. विंडोज ९५च्या काळापासून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'रन' याच नावाची एक जागा आहे. तिथे ज्या प्रोग्रॅमची नोंद असेल तो तुम्ही लॉगिन करताच सुरू होतो. नोंद करताना तुम्हाला विचारलंच पाहिजे असं बंधन नाही. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत गेलात की काम झालं. कंपनीचा हिशेब सरळ असतो : आपलं सॉफ्टवेअर क्लिक करताच झटकन उघडावं, अपडेट आपोआप तपासला जावा. एकाने असं केलं तर काही बिघडत नाही. मीटिंगचं अ‍ॅप, गाण्यांचं अ‍ॅप, गेमचं दुकान, पीडीएफवाल्याचा अपडेटर, प्रिंटरची शाई मोजणारा आणि दोन क्लाउड ड्राइव्ह असे सगळे एकाच मिनिटात जागे झाले की पंचाईत होते.

ती पंचाईत बहुधा डिस्कवर होते. जुन्या लॅपटॉपांत सर्रास असणारी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्यात हेड सरकायला लागणारा वेळ वेगळा. विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम शंभरएक वाचनं पदरात पडतात. किराणा दुकानात एकच पोऱ्या आणि काउंटरवर दहा गिऱ्हाइकं, प्रत्येकाची यादी वेगळ्या फळीवरची, असा तो प्रकार. त्यात मेमरी चारच जीबी असेल तर ती भरल्यावर विंडोज उरलेला पसारा त्याच डिस्कवर ठेवायला लागते. संगणक सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं माउस अडखळतो, तो यामुळे.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी अगदीच छोटी दिसली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. २०१२च्या विंडोज ८पासून यात 'स्टार्टअप' नावाचं पान आहे. विंडोज ११मध्ये ते 'स्टार्टअप अ‍ॅप्स' म्हणून सापडेल. प्रत्येक ओळीत प्रोग्रॅमचं नाव, तो कोणाचा, चालू की बंद आणि शेवटी 'स्टार्टअप इम्पॅक्ट'. तिथे 'हाय' दिसलं की लोक दचकतात. दचकू नका. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचलं-लिहिलं, की मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येत तो 'हाय' झाला. ३ एमबी म्हणजे मोबाइलवरचा एखादा फोटो. त्यामुळे एकट्या 'हाय'ला दोष देण्यात अर्थ नाही, असे किती जण रांगेत आहेत ते मोजा.

नको त्या ओळीवर राइट क्लिक करून 'डिसेबल' म्हणायचं. यात काहीही काढून टाकलं जात नाही, हे भिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. प्रोग्रॅम जागेवरच राहतो, लागेल तेव्हा उघडतो; फक्त न बोलावता येत नाही. चुकलं असं वाटलं तर तिथेच पुन्हा 'एनेबल' करता येतं. प्रिंटर कंपनीचा मदतनीस बंद केला तरी छपाई सहसा नीट चालते. ब्राउझरचं मात्र वेगळं पाहावं लागतं : क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम'खाली, खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी असते, आणि एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' असतं. दोन्ही बंद केलीत तरी तुमचं काही अडत नाही.

काय बंद करू नये, हे घराघरानुसार बदलतं. विंडोज सिक्युरिटी, आवाजाची आणि टचपॅडची नोंद राहू द्या. घरातून मराठी टंकलेखनाची कामं होत असतील आणि श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम संगणकाबरोबर सुरू होत असेल, तर त्याला हात लावू नका. जीएसटीचं विवरणपत्र डिजिटल सहीने भरणाऱ्यांचा 'एमसाइनर' मागे चालू नसेल तर पोर्टलवर सहीच होत नाही, आणि हे नेमकं २० तारखेला रात्री कळतं. अँटिव्हायरस एकच असावा. दुसऱ्या कंपनीचा बसवला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो. पण बाहेरचे दोन बसवले तर प्रत्येक फाइल दोघंही तपासत बसतात.

सर्व्हिसेसच्या यादीत मात्र उगाच शिरू नये. 'सर्व्हिस होस्ट' नावाच्या पन्नास-साठ ओळी पाहून कुणाला व्हायरसची शंका येते. २०१७पासून, साडेतीन जीबी किंवा अधिक मेमरी असलेल्या संगणकांवर विंडोज १० आपल्या बहुतेक सेवा वेगवेगळ्या चालवते, म्हणून त्या इतक्या दिसतात. अगदीच पाहायचं असेल तर 'एमएसकॉन्फिग' उघडा, 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करा आणि मग उरलेल्यांकडे बघा. आणि संगणक 'बूस्ट' करून देणारी फुकट सॉफ्टवेअर? तीसुद्धा स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. माझं मत विचाराल तर एकही घेऊ नका.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रोज रात्री 'शट डाउन' केलं तरी टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर, सीपीयूखाली, 'अप टाइम' बारा-पंधरा दिवस दिसू शकतो. विंडोज ८पासूनच्या 'फास्ट स्टार्टअप'मध्ये बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. खरी नवी सुरुवात 'रिस्टार्ट'ने होते. आठवड्यातून एकदा तेवढं करावं.

एवढं केल्यावर सुरुवातीची रखडपट्टी बरीच कमी होते. तरीही संगणक मंदच राहिला तर त्याच 'परफॉर्मन्स' पानावर डिस्क पाहा. काही न करता ती बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल आणि प्रकार 'एचडीडी' (म्हणजे वर सांगितलेली फिरती हार्ड डिस्क) लिहिला असेल, तर कितीही प्रोग्रॅम बंद केलेत तरी मर्यादेपलीकडे फरक पडणार नाही. तिथे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं हाच उपाय, आणि नव्या संगणकाच्या तुलनेत तो पुष्कळ स्वस्त पडतो. दुकानात देण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्या, आणि नवी विंडोज टाकण्याऐवजी जुन्या डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करून मागा. तसं केल्यास प्रिंटर आणि बहुतेक सॉफ्टवेअर पुन्हा बसवावी लागत नाहीत.