रात्री दोनचा ओटीपी आणि घरच्या कॉम्प्युटरमधला हेर

जानेवारीतली गोष्ट. गव्हाला पाणी चालू होतं. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट, म्हणून रात्री दोन वाजता मी बांधावर. खिशात मोबाईल वाजला. बघतो तर बँकेचा ओटीपी, नेट बँकिंगमध्ये नवीन खातं जोडण्यासाठी. मी तर हातात फावडं घेऊन उभा. पाच मिनिटांत दुसरा ओटीपी आला. खात्यात लाल कांद्याचे एक लाख बारा हजार होते आणि त्यातून मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. मोटार तशीच चालू ठेवून घरी पळालो, एटीएम कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर फोन लावला आणि नेट बँकिंग बंद करून घेतलं. पैसे वाचले.

पण झोप कुठली लागतीय. ओटीपी आला याचा अर्थ कोणीतरी माझा युजर आयडी आणि पासवर्ड टाकून आत पोचलं होतं. पासवर्ड मी बायकोलाही सांगितलेला नव्हता. मग गेला कुठून?

गेला होता आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधून. बातम्या टाईप करायला तालुक्याच्या गावातून सेकंडहँड घेतलेला. दिवाळीत त्यावर एका मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची फुकटातली कॉपी टाकली. सोबतच्या फाईलीत सूचना होती की, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर क्रॅक चालणार नाही.’ मी इमानदारीत बंद केला. म्हणजे चोर म्हणाला कुत्रं बांधून ठेवा, आणि मी बांधलं.

याला स्पायवेअर म्हणतात, आपल्या भाषेत हेर. साधा व्हायरस आला की कॉम्प्युटर अडकतो, फाईली उडतात, आपल्याला कळतं. हेराचं तसं नाही. कॉम्प्युटर बिघडला तर त्याचंच नुकसान, म्हणून तो गुपचूप राहतो. काही हेर आपण कीबोर्डवर काय काय दाबतो ते टिपून घेतात. काही स्क्रीनचे फोटो काढतात. सध्याचा एक मोठा प्रकार मात्र वेगळा आहे. ब्राउझर आपल्याला विचारतो ना, ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ आपण हो म्हणतो. हा हेर ते साठवलेले सगळे पासवर्ड एका दमात उचलतो आणि बाहेर पाठवून देतो. आपण ज्या ज्या साईटवर लॉगिन करून ठेवलेलं असतं, त्याच्या खुणाही नेतो. त्या खुणेवर चोराला पासवर्ड न टाकताही आपला ईमेल उघडता येऊ शकतो. पुढं हा माल विकला जातो. म्हणून लागण दिवाळीत आणि चोरीचा प्रयत्न जानेवारीत, असं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिली चूक करायला निघालो होतो. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलायला लागलो. ओळखीतल्या एका कॉम्प्युटरवाल्या पोरानं फोनवरच अडवलं. म्हणाला, ‘काका, नवीन पासवर्ड पण त्यालाच सांगताय का?’ बरोबर होतं त्याचं. आधी कॉम्प्युटरचं नेट तोडायचं. मग दुसऱ्या चांगल्या मोबाईलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा, कारण बाकी सगळ्याची चावी ईमेलमध्ये असते. त्याच वेळी ‘सगळ्या डिव्हाईसवरून साईन आऊट’ करायचं, म्हणजे चोरीला गेलेल्या त्या खुणा बाद होतात. त्यानंतर बँक. नंतर बाकीचं.

मग तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस फुकट आलेला असतो. विंडोज सिक्युरिटी उघडून, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्स घ्या. तिथं फुल स्कॅन आहे आणि शेवटी ऑफलाईन स्कॅन आहे. ऑफलाईन स्कॅनला कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळं हेराला लपायला जागा कमी मिळते. साधारण पंधरा मिनिटांचं काम. आणखी एक जागा बघाच, तिथल्याच सेटिंगमधली ‘एक्सक्लूजन्स’. या यादीतल्या फोल्डरला डिफेंडर हात लावत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर त्या यादीत अख्खा सी ड्राईव्ह होता! मी टाकला नव्हता. क्रॅकनंच टाकून घेतला असणार. म्हणजे तीन महिने पहारेकरी दारात उभा, पण घराकडं पाठ करून.

एवढं निघाल्यावर नुसत्या स्कॅनवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. फोटो आणि कागदपत्रं काढून घेतली आणि कॉम्प्युटर फॉर्मेट करून खरं विंडोज टाकलं. जुन्या सेटअप फाईली मात्र परत घेतल्या नाहीत, नाहीतर हेर पुन्हा पाव्हणा.

आणि ज्या टायपिंगसाठी हे सगळं रामायण झालं ते विंडोजमध्ये आधीच होतं. सेटिंगमध्ये भाषेत जाऊन मराठी जोडा, फोनेटिक कीबोर्ड फुकट मिळतो. हा लेख त्यावरच लिहिलाय.

गावाकडं आणखी दोन वाटा आहेत. एक पेनड्राईव्ह. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला शंभर जणांचे पेनड्राईव्ह एकाच कॉम्प्युटरला लागतात. घरी आणल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर क्लिक करू नका. पेनड्राईव्हवर राईट क्लिक करून आधी स्कॅन करा. दुसरी वाट फाईलच्या नावाची. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवतो. त्यामुळं ‘सातबारा डॉट पीडीएफ’ दिसतं, पण खरं शेपूट असतं ‘डॉट ईएक्सई’, म्हणजे कागद नाही, प्रोग्राम. फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाईल नेम एक्स्टेंशन्स’ चालू करा. विंडोज १० असेल तर ते थेट व्ह्यूमध्येच सापडतं.

पोरं गेम टाकतात, त्यांना ओरडून उपयोग नाही. त्यांना वेगळं ‘स्टँडर्ड’ अकाउंट करून द्या. मग सगळ्या कॉम्प्युटरमध्ये शिरू पाहणारं काही टाकायचं झालं तर तुमचा पासवर्ड विचारला जातो. हेराला यानं पूर्ण अटकाव होत नाही, पण मोकळं रान मिळत नाही.

जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनी एक तारीख लक्षात घ्यावी. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा मशीनवर बँकेचं काम करू नये असं माझं सरळ मत आहे. स्वच्छतेसाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मोफत टूल मिळतात.

पैसे गेलेच तर गावातल्या जाणकारांना विचारत बसू नका. आधी बँक, लगेच १९३० नंबर, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं की, चूक आपली नाही, बँकेचीही नाही आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भार ग्राहकावर येत नाही. पण ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी. म्हणून बँकेकडून तक्रारीचा नंबर लिहून घ्या, वेळेसकट.

माझी फी फेब्रुवारीत भरली. बँकेचा पासवर्ड आता वहीत आहे, वही कपाटात, आणि कपाटाची चावी बायकोकडं.