हौशी विमानें आणि सरकारी नोंदवही

पतंग उडविणाऱ्या मुलाला सरकार नांवगांव विचारीत नाहीं. मग अर्ध्या किलोच्या उडत्या खेळण्याची सरकारी दप्तरांत नोंद कशासाठीं, असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात, आणि तो अगदींच गैरवाजवी नाहीं. दिवाळीला पुतण्यासाठीं चार पंख्यांचें ड्रोन आणावें आणि त्याबरोबर कायद्याचें लोढणें गळ्यांत पडावें, हें कोणास रुचेल? म्हणून ती नोंद कसली, ती कोणीं करावयाची आणि तिचा हेतु काय, एवढ्याच गोष्टी आज आपणांस सांगावयाच्या आहेत.

पतंगाचा दोरा उडविणाऱ्याच्या हातांत असतो. दोऱ्याच्या मागें गेलें कीं पतंग कोणाचा हें कळतें. बाल्सा लांकडाचीं, रबराच्या पिळावर किंवा लहानशा एंजिनावर उडणारीं पूर्वींचीं हौशी विमानेंही मैदानांत उभ्या असलेल्या धन्याच्या नजरेसमोरच फिरत. ड्रोनची गोष्ट निराळी आहे. त्याचा चालक टेकडीआड किंवा गच्चीवर बसलेला असूं शकतो. ड्रोनला छायाचित्रें घेतां येतात. आणि तें कोणाचें, कशासाठीं घिरट्या घालीत आहे, हें खालच्या माणसाला कळण्यास मार्ग नसतो. वस्तु दिसते, पण धनी दिसत नाहीं. नोंदणीचा सारा खटाटोप या एका अडचणीपायीं आहे.

मे २०१४ मध्यें मुंबईंत एका उपाहारगृहानें वरळीच्या एका उंच इमारतीवर ड्रोनकरवीं पिझ्झा पोहोंचविला. लोकांना मौज वाटली. पोलिसांनीं मात्र परवानगीची चौकशी केली. त्याच वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें, नियम तयार होईपर्यंत नागरिकांनीं ड्रोन उडवूं नयेत, असें जाहीर केलें. १ डिसेंबर २०१८ पासून पहिले नियम अंमलांत आले. पुढें मार्च २०२१ मध्यें दुसरे आले, पण ते इतके किचकट होते कीं, अवघ्या पांच महिन्यांत ते बाजूला सारून २५ ऑगस्ट २०२१ रोजीं ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रसिद्ध करावे लागले. अर्जांचे २५ नमुने होते ते ५ झाले. शुल्काचे ७२ प्रकार होते ते ४ उरले.

या नियमांत बहुतेक गोष्टी वजनावर ठरतात. बॅटरी, कॅमेरा आणि जें कांहीं वर न्यावयाचें त्या सर्वांसह हें वजन धरावयाचें असतें. २५० ग्रॅमपर्यंतचें तें ‘नॅनो’, त्यापुढें २ किलोंपर्यंतचें ‘मायक्रो’ आणि त्यापुढें २५ किलोंपर्यंतचें ‘स्मॉल’. याहून मोठ्या वर्गांशीं हौशी माणसाला कर्तव्य नाहीं. शिक्षण, संशोधन, आराखडा, चाचणी अथवा करमणूक एवढ्यापुरतेंच, आणि नजरेच्या टप्प्यांत उडविलें जाणारें २५ किलोंपर्यंतचें जें विमान, त्याला ‘मॉडेल’ म्हटलें आहे. नॅनोला आणि मॉडेलला बनावटीच्या मंजुरीचें प्रमाणपत्र लागत नाहीं. नॅनो, आणि धंद्यासाठीं नसेल तर मायक्रो, चालकाच्या प्रमाणपत्रावांचून उडवितां येतें. त्याहून जड विमानाच्या चालकाचें वय १८ ते ६५ असावें, तो दहावी उत्तीर्ण असावा आणि त्यानें मान्यताप्राप्त संस्थेंत प्रशिक्षण घेतलेलें असावें.

येथें एक गैरसमज होतो. प्रमाणपत्राची सवलत मिळाली म्हणजे नोंदणीचीही मिळाली, असें कित्येकांना वाटतें. तसें नाहीं. उडविण्यापूर्वीं नोंद करून ओळखक्रमांक घ्यावा, हा सर्वसाधारण नियम आहे. ही नोंद महासंचालनालयाच्या संगणकीय व्यवस्थेंत घरबसल्या होते. नियमांत त्या व्यवस्थेचें नांव ‘डिजिटल स्काय’ असें आहे. शुल्क १०० रुपये. हा क्रमांक तीन अनुक्रमांकांशीं बांधलेला असतो: एक कारखान्यानें ड्रोनला दिलेला, दुसरा त्यांतील उड्डाण-नियंत्रकाचा आणि तिसरा चालकाजवळच्या नियंत्रण-यंत्राचा. मोटारीच्या नोंदपुस्तकांत एंजिनाचा व चासीचा क्रमांक असतो, तशांतलाच हा प्रकार. म्हणून ड्रोन विकलें, भेट दिलें किंवा कायमचें हरवलें, तर तें कळविणें हेंही मालकाचेंच काम. कागद न बदलतां जुनी गाडी दुसऱ्यास दिली म्हणजे काय निस्तरावें लागतें, हें अनेकांना ठाऊक आहे. परदेशांतील आप्तांकडून ड्रोन मागविणाऱ्यांनीं आणखी एक लक्षांत ठेवावें: फेब्रुवारी २०२२ मध्यें परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीस मनाई झाली, सुटे भाग मात्र आणतां येतात.

आतां उडवावयाचें कोठें? उदाहरणादाखल खंडाळा घेऊं. बोरघाटांतील खंडाळा नव्हे, तर सातारा जिल्ह्यांतील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचें. सरकारी नकाशांत आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन भाग आहेत. हिरव्या भागांत जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारें १२० मीटर, परवानगीवांचून उडवितां येतें. चालूं विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत ही मर्यादा २०० फुटांची होते. पिवळ्या भागांत हवाई वाहतूक नियंत्रकांची आणि तांबड्यांत केंद्र सरकारची परवानगी हवी. लोहगांवचा विमानतळ खंडाळ्याहून १२ किलोमीटरांच्या पुष्कळच पलीकडे आहे. पण तेवढ्यावरून सारें माळरान आपलेंच, असें मानूं नये. राज्य सरकारला एखादी जागा ९६ तासांपर्यंत तांबडी ठरवितां येते. नीरेपलीकडे पुरंदर तालुक्यांत नवा विमानतळ योजिला आहे. तोही उद्यां नकाशा बदलील. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वीं नकाशा पाहणें नियमानेंच आवश्यक केलें आहे.

घाटांत आणखी एक खुबी आहे. ड्रोन घाटमाथ्यावरून ३०० फूट वर चढविलें आणि दरीकडे नेलें, तर तें एक फूटही न चढतां त्याच्या खालची जमीन शेंकडों फूट खचते आणि मर्यादा आपोआप मोडते. त्याच जिल्ह्यांत पांचगणीस छत्रीच्या साह्यानें माणसें आकाशांत तरंगतात. माणूस असलेल्या कोणत्याही विमानाच्या वाटेंतून ड्रोननेंच दूर राहिलें पाहिजे. नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि नॅनोखेरीज इतरांस त्रयस्थाच्या नुकसानीचा विमाही हवा.

२०२४ च्या उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्याच्या तोंडीं पुणें जिल्ह्यांतील व मराठवाड्यांतील अनेक गांवांवर रात्रीं ड्रोन फिरत असल्याच्या वार्ता आल्या. चोर टेहळणी करतात अशी आवई उठली. लोकांनीं रात्री जागून काढल्या, हातांत काठ्या घेऊन गस्त घातली. अशा वेळीं हौसेनें ड्रोन उडविणारा एखादा निरपराध मुलगा जमावाच्या हातीं सांपडला तर काय होईल, याचा विचार करावा. ज्याच्यापाशीं ओळखक्रमांक आहे, त्याला ‘हें माझें, आणि ही त्याची नोंद’ असें ठाम सांगतां येतें. ज्याच्यापाशीं नाहीं, तो निर्दोष असूनही संशयितांत मोडतो.

नोंदणीनें चोर थांबेल असें मात्र कोणीं समजूं नये. चोरटा आपलें नांव देण्यास येत नाहीं, आणि अंधारांत चारशें फुटांवरचा क्रमांक कोणास वाचतां येत नाहीं. नोंदवहीचा उपयोग एवढाच कीं, प्रामाणिक माणसें तींत आलीं म्हणजे उरलेल्यांचा शोध सोपा होतो. जितके हौशी लोक नोंदीबाहेर राहतील तितकी चोरट्याला लपण्यास गर्दी मिळेल.

तेव्हां, ड्रोन घरांत आलें कीं प्रथम तें तराजूंत घालावें, मग नोंद करावी, आणि उडविण्याच्या दिवशीं नकाशा पाहावा. परगांवीं गेलां तर पोलीस पाटलांना आणि शेताच्या मालकाला आधीं सांगावें. हें शेवटचें कोणत्याही नियमांत लिहिलेलें नाहीं. पण ज्यांच्या घरांवरून आपलें यंत्र जाणार, त्यांना वर पाहून भय वाटूं नये, एवढी काळजी घेणें आपल्याच हातीं आहे.