पुंगळीचं तोंड का फाटतं?

लष्करी रायफलीचं काडतूस जवळून पाहिलं, तर पितळी पुंगळीच्या तोंडाशी, म्हणजे गोळी जिथे बसवलेली असते तिथे, निळसर-तपकिरी झाक दिसते. चुलीवर विसरलेल्या पितळी झाकणाच्या काठावर येते तशी. पाहणारा हमखास म्हणतो, माल जळका आहे! प्रत्यक्षात ती झाक कारखान्यानं मुद्दाम दिलेल्या तावाची खूण असते. लष्करी मालावर ती तशीच ठेवतात, बाजारी मालावर घासून काढतात.

काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. एक चकती साच्यात दाबत, ओढत तिची नळी होते. प्रत्येक दाबासरशी पितळ कडक होत जातं आणि कडक पितळ ठिसूळपणाकडे झुकतं. तांबटाला हे कुणी शिकवावं लागत नाही. गुंड ठोकता ठोकता तो मध्येच भट्टीत घालतो, कारण ठोकून ताठ झालेली धातू पुढचा घाव सोसत नाही, काठाला चिरते. पुंगळीच्या तोंडाला ताव देतात तो याचसाठी. बार उडाला की हे तोंड क्षणात फुगून बंदुकीच्या नळीच्या कोठीला घट्ट चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच किंचित आकसून सुटतं. ही लवचीकता नसेल तर तोंड फाटतं.

‘तापवून पाण्यात बुडवलं की पितळ टणक होतं’ हा गैरसमज आपण लोहाराच्या भात्याजवळून उचललेला आहे. विळ्याला पाणी पाजतात ते पोलादाचं शास्त्र. पितळ तापवलं की मऊच होतं, मग ते पाण्यात विझवा नाहीतर वाऱ्यावर निववा. म्हणूनच पुंगळीच्या बुडाला ताव लागू देत नाहीत. सगळा दाब बूड पेलतं, ते कडकच हवं. अख्खी पुंगळी विस्तवात टाकून ‘नरम’ करणारा माणूस स्वतःच्या चेहऱ्यासमोर फुटणारी वस्तू तयार करत असतो.

‘पितळेला काही होत नाही’ हीही तशीच एक समजूत. ती खोटी ठरली ती आपल्याच देशात, ब्रिटिश फौजेच्या तबेल्यांत. पावसाळाभर तिथे ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरता चिरलेल्या निघू लागल्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया ओलसर हवेत पितळेवर बसत होता. घडवताना पितळेत जो ताण कोंडून राहिला होता, त्याला अमोनियानं कुरतडलेली वाट मिळाली आणि धातू कणाकणांच्या सांध्यांवर उकलली. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी हे कोडं सोडवलं. उपाय साधा निघाला: घडवून झाल्यावर बेताचा ताव देऊन ताण मोकळा करायचा आणि माल अमोनियापासून दूर ठेवायचा.

यवतमाळमध्ये ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. राळेगाव, केळापूर, झरी-जामणीकडे रानडुकरं आणि रोह्यांपायी रात्रीची जागल असते, आणि ज्याच्याकडे पीक राखायला परवान्याची बंदूक आहे त्याच्या घराला लागूनच बहुधा गोठा असतो. ओल्या युरियाचा उग्र वासही अमोनियाचाच. काडतुसांचा डबा गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात किंवा खताच्या पोत्यांमागे ठेवायची वस्तू नव्हे.

तसं पाहिलं तर गावाकडची बारा बोरची काडतुसं पूर्ण पितळी नसतातच. पितळी दिसतं ते फक्त बूड. वरचं नळकांडं प्लास्टिकचं किंवा जाड कागदाचं असतं आणि त्याचं तोंड दुमडून बंद केलेलं असतं. भरमार बंदुकीला तर पुंगळीच नाही, तिच्यात दारू तोंडाकडून ठासतात. पारावरच्या गप्पांत या तिन्हींची सरमिसळ होते.

परदेशात नेमबाज पुंगळ्या पुन्हा भरतात. वारंवार वापरलेली पुंगळी लांबते, ती कापून मापात आणतात आणि कापल्यावर काठाला आलेली कूस आतून-बाहेरून हलकेच काढतात, म्हणजे बसताना गोळीचं तांब्याचं कवच खरवडत नाही. तिथेही ‘काठ जितका धारदार तितका चांगला’ हा भ्रम आहे. काम फक्त कूस काढण्याचं. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची पुंगळी तर कोठीत याच काठावर टेकते. तो जास्त तासला तर तिची बैठकच बिघडते.

हे वाचून कुणाचे हात शिवशिवले, तर कायदा आधी वाचावा. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. महाराष्ट्रात हे काम 1869 पासूनच्या खडकीच्या आणि 1964 पासूनच्या वरणगावच्या सरकारी कारखान्यांत चालतं.

आणि शेवटचा, सगळ्यात घातक गैरसमज: बुडाला टोच पडलेली दिसली की काडतूस रिकामं. टोच पडूनही न उडालेलं काडतूस असतं, आणि ते जिवंतच असतं. रिकाम्या पुंगळीच्या बुडावरही बंदुकीच्या खुणा उमटलेल्या असतात. तपासात त्याच पुरावा ठरतात. धुऱ्यावर किंवा जंगलाच्या कडेला अशी वस्तू सापडली, तर खिशात घालू नका, पोरांच्या हाती देऊ नका, भंगारात विकू नका. जागा लक्षात ठेवा आणि 112 वर फोन करा.